मागच्या रांगेतला मावळा

मी दोन दिवस मावळा होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, मे महिन्याच्या सुट्टीत, मुळशीच्या पाण्याच्या कडेला चाललेल्या एका ऐतिहासिक चित्रीकरणात. पौडमधल्या मित्राच्या मामेभावानं गर्दी पुरवायचं काम घेतलं होतं आणि त्याला साठ पोरं हवी होती. अटी दोनच. दाढी केलेली नको, आणि चष्मा असेल तर काढता आला पाहिजे. माझा नंबर उणे चार आहे. चष्मा काढल्यावर समोरचा शत्रू मला दिसणार नव्हता, पण ते कुणी विचारलं नाही.

कपडेपट टेम्पोतून आला. ताडपत्रीवर कपड्यांच्या तीन राशी घातल्या गेल्या. पहिली रास आठ-दहा जणांपुरती होती. बंदांचे सुती अंगरखे, कमरेला रंगीत शेले, चामड्याच्या मोजड्या. ही मंडळी नायकाच्या मागे उभी राहणार होती आणि त्यातल्या दोघा-तिघांना 'जय भवानी'पलीकडे एखादं वाक्यही होतं. दुसऱ्या राशीत अंगरखेच होते, पण पाठीला शिवण उसवलेले. पुढून चालून जातील असे. तिसरी रास आमची. एकाच मापाचे मळके सदरे, आणि आधीच गुंडाळून टाके मारलेली मुंडाशी, जी टोपीसारखी डोक्यावर नुसती ठेवायची. खाली जीन्स असली तरी चालेल, असं सांगण्यात आलं, कारण आम्ही कमरेखाली फ्रेममध्ये येणारच नव्हतो. तलवारी पहिल्या दोन राशींना. आम्हाला बांबू, टोकाला चंदेरी रंग लावलेले.

ठरलेल्या पैशांतले निम्मे मिळाले. निम्मे अजून यायचे आहेत.

वर्षभरानं ते टीव्हीवर लागलं तेव्हा घरातले सगळे मला शोधायला बसले. मी सापडलो नाही. जिथं मी असायला हवा होतो तिथं धूळ होती, आणि ती बहुधा नंतर कॉम्प्युटरवर घातलेली होती. आजी मात्र निराळंच बघत होती. तिनं विचारलं, "एवढी माणसं लढाईला आली, मग ह्यांची शेतं कोण बघतंय?"

तेव्हा आम्ही हसलो. पण पुढं हिंजवडीत नोकरीला लागल्यावर, बसमधल्या रोजच्या दीड तासात मराठी ऐतिहासिक चित्रपटांबद्दल मिळेल ते वाचत गेलो, तसा तो प्रश्न डोक्यातून जाईना. हे चित्रपट कसे घडवले, पैसा कुठं लावला, कुणाला किती कापड दिलं, हे बघायला लागलो की फिरून त्या तीन राशींपाशी येतो. आणि माझ्या आजीचं सासर ज्या गावात होतं ते गाव आता त्या पाण्याखाली आहे, ज्याच्या काठावर मी बांबू घेऊन धावलो. या दोन गोष्टी एकाच लेखात का, ते पुढं येईलच.

सुरुवात कोल्हापुरात करावी लागते. बाबुराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे बाबुराव पेंटर, हे मुळात चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांनी आणि आनंदराव या मावसभावानं सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६मध्ये गेले, बाबुरावांनी तो कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर या गायिकेनं पैसा घातला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० सालचा 'सैरंध्री' हा तिचा पहिला गाजलेला चित्रपट, पौराणिक. पण आपल्या कामाची गोष्ट १९२३ची. त्या वर्षी बाबुरावांनी 'सिंहगड' काढला, हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून. शेलारमामा झाले होते विशीतले व्ही. शांताराम.

आज 'भव्य' म्हटलं की आपल्याला पैसा आठवतो. बाबुरावांकडे तो फार नव्हता. त्यांच्याकडे डोळा होता. पात्राचा पोशाख, दागिना, पागोट्याचा पीळ ते आधी कागदावर काढत. रंगवलेल्या पडद्यापुढं नट उभा करण्याऐवजी ज्यातून माणूस चालत जाऊ शकेल असं नेपथ्य त्यांनी बांधायला घेतलं. पडदे रंगवून पोट भरलेल्या माणसानं पडदा टाकून द्यावा, यात मला फार मोठी हिंमत दिसते. लढाई उघड्यावर, खऱ्या माणसांची. आणि कृत्रिम प्रकाश. तोवर आपल्याकडचं चित्रीकरण सूर्याच्या मर्जीवर चालत असे. 'सिंहगड'साठी त्यांनी दिव्यांचा वापर केला, आणि तो केल्याशिवाय इलाजही नव्हता, कारण तानाजीची गोष्ट रात्रीची आहे. चित्रपट बघायला एवढी झुंबड उडाली की ती पाहूनच मुंबई सरकारला करमणूक कर सुचला, असं चित्रपटाच्या इतिहासांत सांगतात. पुढच्या वर्षीच्या 'कल्याण खजिना'ला लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात पदक मिळालं. म्हणजे दोन-तीन वर्षांतच मराठी ऐतिहासिक चित्रपटाला स्वतःचा चेहरा आला. तो कोल्हापूरच्या एका चित्रकाराच्या वहीतून आला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. सतराव्या शतकातला साधा मावळा दिसायचा कसा, याचं चित्र कुणी काढून ठेवलेलं नाही. राजांची चित्रं निघाली, सरदारांची निघाली. मावळ्याला कोण बसवून ठेवणार? त्यामुळे राजाच्या पोशाखाला निदान जुन्या चित्रांचा आधार होता, मावळ्याच्या पोशाखाला कल्पनेचा. एकदा ठरलेली ती कल्पना पुढं शंभर वर्षं जवळजवळ तशीच चालली. आमच्या टेम्पोतले सदरे तिचेच दूरचे नातलग.

आता त्याच वर्षांत मुळशीत काय चाललं होतं ते बघू.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी टाटा कंपनी धरण बांधत होती. पाणी अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेकडे वळवायचं, सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याला खाली सोडायचं आणि तिथं होणारी वीज मुंबईला न्यायची. इंजिनिअर म्हणून सांगतो, कल्पना देखणी आहे. पूर्वेला वाहणाऱ्या पाण्याला पश्चिमेला वळवून घाटाची सगळी उंची वापरायची, यापेक्षा साधं आणि हुशार काय असेल? फक्त त्या पाण्याच्या जागी पन्नासच्या आसपास गावं होती, हजारो माणसं होती, आणि भाताची खाचरं होती. सर्वेक्षणाच्या वेळी शेतात विनापरवाना चर खणायला लोक आले, एका शेतकऱ्यानं विरोध केला तेव्हा इंग्रज इंजिनिअरनं त्याच्यावर पिस्तूल रोखलं, असं त्या लढ्याच्या हकिकतींत येतं. तोही इंजिनिअरच.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी शेकडो मावळे, बायका-पोरांसह, धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट, शंकरराव देव ही नावं या लढ्यातली. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. बापटांना 'सेनापती' हे बिरुद मिळालं ते इथंच. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, लोक तुरुंगात जात-येत राहिले. १९२४च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, पिस्तूल चालवलं आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. धरण १९२७ला पुरं झालं. भिऱ्याची वीज त्याच वर्षी निघाली.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. १९२३मध्ये पुण्या-मुंबईची थिएटरं 'सिंहगड'च्या मावळ्यांसाठी भरत होती. त्याच वर्षी, पुण्यापासून बैलगाडीच्या वाटेवर, खरे मावळे शेवटची भातं काढत होते. 'खरे' हा शब्द मी भावनेच्या भरात वापरत नाही. पौड मावळ, मोसे खोरं, कोरबारसे मावळ ही शिवकाळातल्या मावळांच्या यादीतली नावं आजच्या मुळशी तालुक्यात आणि त्याच्या शेजारात येतात. लढ्यातली पुढारी मंडळीही त्यांना शिवाजीचे मावळे म्हणूनच हाक घालत होती. वर्तमानपत्रांत तेच, सभांत तेच. म्हणजे एकच शब्द एकाच वेळी दोन ठिकाणी चालू होता. एका ठिकाणी त्याला तिकीट होतं.

या लढ्यावर कुणी कॅमेरा लावल्याचं माझ्या वाचनात नाही. त्याचा दोष मी बाबुरावांना देणार नाही. परक्या सरकारच्या राज्यात चालू आंदोलन पडद्यावर आणणं म्हणजे कंपनीला टाळं. प्रभातनं १९३०मध्ये काढलेल्या शिवाजीच्या चित्रपटाचं नाव 'स्वराज्याचं तोरण' होतं, ते सेन्सॉरपुढं टिकलं नाही, 'उदयकाल' करावं लागलं. तीनशे वर्षांपूर्वीचं स्वराज्यही चालत नव्हतं, तिथं धरणावरचं काय चालणार.

पण १९२५मध्ये बाबुरावांनी एक चित्रपट काढला, आणि तो आठवला की मला राहून राहून वाटतं की त्यांच्या कानावर मुळशी नक्की असणार. पुरावा नाही, नुसतं वाटतं. तो चित्रपट 'सावकारी पाश', नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून. एका शेतकऱ्याची जमीन सावकार खोट्या कागदांनी हडपतो आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. शेतकरी झाले होते तेच शांताराम, दोन वर्षांपूर्वीचे शेलारमामा. त्यातलं एका अंधाऱ्या झोपडीचं आणि रडणाऱ्या कुत्र्याचं दृश्य जे. बी. एच. वाडियांना कित्येक वर्षांनीही आठवत होतं. चित्रपट फारसा चालला नाही. अंगरखे, घोडी, मशाली यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या प्रेक्षकाला फाटकं धोतर बघायचं नव्हतं.

मुळशीच्या गोष्टीत सावकार कुठं येतो? नीट मध्यभागी येतो. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावर जे पुस्तक लिहिलं त्यातली मला सर्वांत टोचलेली बाब ही, की बुडणारी बरीचशी जमीन कागदोपत्री मावळ्यांची उरलेलीच नव्हती. ती पुण्यातल्या सावकारांकडे गेली होती आणि मावळा तिच्यावर कूळ होता. मग भरपाईचा प्रश्न आला तेव्हा लढा आतून फाटला. ज्याच्या नावावर जमीन त्याला पैसा पाहिजे होता, जो ती कसत होता त्याला जमीन. आजीचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते. त्यांचे वडील कूळ. घरात असं सांगतात की त्यांना भरपाई म्हणून काही मिळालं नाही, मिळालेली एकच वस्तू म्हणजे दाराची चौकट, जी त्यांनी स्वतःच उपटून आणली. ती आमच्या जुन्या घराला होती. तिची उंची कमी होती, मला लहानपणी टेंगळं आली आहेत.

आणि गिरणी? भिऱ्याची वीज मुंबईला गेली ती आधी गिरण्यांनाच. 'सावकारी पाश'मधला शेतकरी जिथं जाऊन पोचतो त्या गिरणीचे माग काही वर्षांनी मुळशीच्या पाण्यावर फिरत असणार. बोलपट आल्यावर मुंबईच्या स्टुडिओंत जे प्रचंड दिवे लागले त्यांनाही वीज टाटांच्याच जाळ्यातून येत होती, आणि त्या जाळ्यात मुळशीचं पाणी होतं. मराठी ऐतिहासिक चित्रपटाला पहिला रात्रीचा उजेड लागला तानाजीसाठी. पुढं त्या धंद्याच्या उजेडाचा एक वाटा मावळ्यांच्या बुडालेल्या खाचरांतून आला. हे मी रचून सांगत नाही, वायरी कुठून कुठं जातात ते बघितलं की दिसतं.

नंतरची काही दशकं मी भराभर ओलांडतो. दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम बाबुरावांकडून बाहेर पडले, त्यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांसह १९२९ला प्रभात काढली, १९३३मध्ये शांतारामांनी 'सिंहगड' पुन्हा केला, बोलता. मग ऐतिहासिक चित्रपटाची गादी भालजी पेंढारकरांकडे आली आणि त्यांनी ती चाळीस वर्षं सोडली नाही. 'नेताजी पालकर', 'थोरातांची कमळा', 'बहिर्जी नाईक', 'छत्रपती शिवाजी', 'पावनखिंड', 'मराठा तितुका मेळवावा'. भालजींच्या चित्रपटात पैसा कमी आणि शब्द जास्त. १९४८मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. कपडेपट, नेपथ्य, फिल्म, सगळं. ते पुन्हा उभे राहिले, पण मला वाटतं की तेव्हापासून त्यांची भिस्त वस्तूंवर कमी आणि माणसांवर जास्त राहिली. चंद्रकांत-सूर्यकांत मांडरे नुसते उभे राहिले तरी मागं गड असल्याचा भास होतो. भालजींच्या मावळ्याला घर असतं, आई असते, तो जेवतो. मागच्या रांगेतला माणूस त्यांच्याकडे कधी कधी पुढं येऊन बोलून जातो. आमच्या आजीला त्यांचे चित्रपट आवडत, आणि शेताचा प्रश्न तिनं त्यांच्या बाबतीत कधी विचारला नाही.

हिंदीत मात्र भव्यतेची व्याख्या बदलली. सोहराब मोदींनी १९५३ला 'झांसी की रानी' टेक्निकलरमध्ये काढला, त्यासाठी परदेशी तंत्रज्ञ आणले आणि जबर तोटा सोसला. १९६०च्या 'मुगल-ए-आझम'मधल्या लढाईला खऱ्या लष्करातले जवान उभे केले होते. पैसा दिसला पाहिजे, मोजता आला पाहिजे, हे तिथून सुरू झालं. जाहिरातीत आकडे आले. इतके घोडे, इतक्या आरशांचा महाल. मराठी निर्मात्याला ते परवडणारं नव्हतं, म्हणून मराठी ऐतिहासिक चित्रपट हळूहळू आटला आणि ती मोठी गोष्ट हिंदीकडं गेली. २०१५च्या 'बाजीराव मस्तानी'त पुण्याचा पेशवा आरसेमहालातून फिरतो. देखणं आहे, नाकारत नाही. पण शनिवारवाड्याच्या जोत्यावर संध्याकाळी दाणे खात बसलेल्या माणसाला तो आपला पेशवा वाटत नाही.

हिंदीतल्या या भव्यतेमागची माणसं बरीचशी मराठी, हेही खरं. कर्जतचा स्टुडिओ उभा करणारे नितीन चंद्रकांत देसाई हे त्यांतलं मोठं नाव. 'जोधा अकबर'चा किल्ला, 'पानिपत'चा शनिवारवाडा हे त्यांचं काम. लाकूड, प्लास्टर आणि फायबर यांतून दगड करायची विद्या त्यांच्याकडे होती. ऑगस्ट २०२३मध्ये त्यांनी त्याच स्टुडिओत आयुष्य संपवलं, डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. त्या आठवड्यात मी 'सावकारी पाश' हे दोन शब्द गुगलवर टाकून बराच वेळ नुसता बसलो होतो.

एक आडवळण घेतो. मराठी ऐतिहासिक चित्रपट हा घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायचा असतो, आजीपासून नातवापर्यंत. त्यामुळे त्यात प्रौढ माणसाचं आयुष्य फारसं येत नाही. 'कल्याण खजिना'ची गोष्टच संयमाची आहे, समोर आणलेल्या सुभेदाराच्या सुनेला राजे सन्मानानं परत पाठवतात ती. वासना, कर्ज, भूक, कंटाळा, भीती ही शत्रूच्या वाट्याला. अपवाद आहेत. १९७६ला फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी सहकारी पद्धतीनं 'घाशीराम कोतवाल' केला, त्यात नाना फडणवीसाची लालसा हीच सत्तेची यंत्रणा होती. अमोल पालेकरांचा 'अनाहत' नियोगाच्या प्रथेवर आहे. राणीला एका रात्रीत आपल्या शरीराबद्दल जे कळतं ते तो न लाजता सांगतो, पोशाखही मोजकेच ठेवून. असे चित्रपट थोडे आणि चालले त्याहून थोडे. मला त्यांची आठवण येते ती धीटपणासाठी नव्हे. त्यांतली माणसं वयात आलेली आहेत म्हणून. आपल्या पडद्यावरचा मावळा वयात येत नाही. त्याला बायको असते ती ओवाळण्यापुरती, आणि आई असते ती रडू आवरण्यापुरती.

आता शेवटचा तानाजी. खरं तर शेवटचे दोन. २०२०चा ओम राऊत यांचा हिंदी 'तान्हाजी' आणि २०२३चा दिग्पाल लांजेकर यांचा मराठी 'सुभेदार'. शंभर वर्षांत एकच कडा किती वेळा चढला जातो! 'तान्हाजी' मी कोथरूडला पहिल्या आठवड्यात पाहिला. खिडकीशी जाऊन उभं राहिलं तर थिएटरच्या गच्चीवरून खरा सिंहगड दिसला असता, टीव्हीच्या मनोऱ्यासकट. पडद्यावरचा कोंढाणा मात्र मुख्यतः हिरव्या पडद्यापुढं आणि संगणकात बांधलेला होता. बाबुरावांनी पडदा काढून टाकला होता. सत्त्याण्णव वर्षांनी तो परत आला, या वेळी हिरवा.

ही गर्दी कशी करतात ते थोडं सांगतो, कारण माझ्या कामाशी त्याचं गोत्र जुळतं. सोपी पद्धत अशी: कॅमेरा हलू द्यायचा नाही, चाळीस माणसांना मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात उभं करून चित्रित करायचं, मग तीच माणसं मध्ये, मग उजवीकडे, मागं, आणि सगळे तुकडे जोडायचे. चाळीसाचे चारशे होतात. महागडी पद्धत म्हणजे माणसंच न घेणं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी न्यूझीलंडमध्ये स्टीफन रेगलस यांनी 'मॅसिव्ह' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं, त्यात प्रत्येक सैनिक हा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो शेजारचा बघतो, वाट काढतो, वार करतो, पडतो. सगळे एकसारखे दिसू नयेत म्हणून उंची, चाल, कपड्याचा रंग यांत थोडा थोडा फरक घालतात. तो फरक एका यादृच्छिक आकड्यावरून निघतो. आमच्या भाषेत सीड. बी.

म्हणजे मागच्या रांगेतल्या मावळ्याला अखेर वेगळा चेहरा मिळाला, असं म्हणायला हरकत नाही. तो एका आकड्यातून उगवतो. आमच्या टेम्पोतल्या तिसऱ्या राशीत सगळ्यांचं एकच माप होतं, इथं निदान मापं वेगळी आहेत. शिवाय याला पैसे द्यावे लागत नाहीत, ऊन लागत नाही, आणि निम्मे पैसे राहिले म्हणून तो दहा वर्षांनी लेख लिहीत नाही. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तो कोड लिहायची संधी मिळाली असती तर मी आनंदानं लिहिला असता. पण त्या प्रोग्रॅममध्ये काय काय घातलेलं असतं ते पाहिलं की आजी आठवते. त्याला शत्रू कळतो, चढण कळते, शेजारी मेलेला कळतो. त्याला ऋतू कळत नाही.

खऱ्या मावळ्याचं सगळं ऋतूवर होतं. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत, दसऱ्याला मुलूखगिरीसाठी बाहेर. भातलावणीच्या दिवसांत पायदळाचा मावळा खाचरात चिखल करत असे, आणि नंतर त्याची बायको, म्हातारा बाप, भाऊ कापणीला. तानाजीनं कोंढाणा घेतला तो ४ फेब्रुवारी १६७०ला. मुळशीकडच्या हिशेबानं भात घरात आलेलं असतं, नाचणी झोडून झालेली असते, राब भाजायला अजून अवकाश असतो. माणूस मोकळा असतो. आजीच्या प्रश्नाला हे सरळ उत्तर होतं: शेतावर तेव्हा काम नव्हतं, आजी. ते मला वाचून कळायला सहा वर्षं लागली, आणि सांगायला गेलो तर तिला ते माहीतच होतं. "माघात कसली शेती," ती म्हणाली. "म्या म्हनलं तुमच्या त्या पिच्चरात तर हिरवंगार दावलंय."

तिचं खरं होतं. त्या दृश्यातलं गवत हिरवंगार होतं. आम्ही धावलो तेव्हा मे महिना होता आणि ते करपलेलं होतं, नंतर कुणीतरी त्यावर हिरवा रंग चढवला होता.

गेल्या वर्षी मे अखेरीस मी तिला गाडीतून ताम्हिणीच्या रस्त्यानं नेलं. पाणी बरंच उतरलं होतं. चित्रीकरण झालं होतं ती जागा मी दाखवली, तर तिनं तिकडं पाहिलं नाही. ती लांबवर उघड्या पडलेल्या चिखलाकडे बोट करत होती, तिथं जोत्यांचे काळे दगड ओळीनं दिसत होते. तिच्या सासऱ्यांनी तिला लग्नानंतर एकदा असंच उन्हाळ्यात आणून दाखवलं होतं: हे आपलं, ते पाटलाचं, ते देवळाचं. तिनं मला तसंच दाखवलं. आपलं कुठलं, यावर मात्र ती दोनदा गडबडली. शेवटी म्हणाली, चौकटीची जागा मोकळी असंल बघ, तीच. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मोकळ्या जागा पुष्कळ होत्या.